ब्यूटाडाइन

रंगहीन, सौम्य पेट्रोलसारख्या वासाचा, चटकन पेट घेणारा हायड्रोकार्बन वायू. रेणूत ४ कार्बन व ६ हायड्रोजन अणू, उकळबिंदू −४.४° से. उद्योगात या नावाने ओळखले जाते ते १,३-ब्यूटाडाइन. त्याचे दोन द्विबंध एकाआड एक असल्याने रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवतात. साखळीच्या प्रत्येक दुव्यात एक द्विबंध शिल्लक राहतो आणि रबरावर गंधकाची प्रक्रिया करताना तोच कामी येतो. रबरासाठी या संयुगाला महत्त्व आले ते यामुळे.

रशियन रसायनज्ञ सर्गेई लेबेदेव यांनी १९१० मध्ये ब्यूटाडाइनपासून रबर बनवले. पुढे सोव्हिएत संघात अल्कोहोलपासून ब्यूटाडाइन काढणारे कारखाने उभे राहिले. जर्मनीने कोळशापासून मिळणाऱ्या ॲसिटिलीनचा मार्ग धरला. १९४२ मध्ये जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला, तेव्हा तिथेही सुरुवातीला अल्कोहोलवरच मोठी भिस्त होती. भारतात बरेलीच्या सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कंपनीने मळीच्या अल्कोहोलपासून हे रबर केले. औद्योगिक अल्कोहोलवर अधिकार केंद्राचा की राज्यांचा, या वादात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल याच कंपनीच्या नावाने ओळखला जातो. २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला. एखाद्या रबर कारखान्याचे नाव घटनात्मक कायद्यात इतके गाजणे विरळाच.

आता ब्यूटाडाइन मुख्यतः नॅफ्थाच्या भंजनातून, एथिलीनचे जोडउत्पादन म्हणून मिळते. इथेनच्या भंजनातून ते फारच थोडे निघते. त्यामुळे त्याचा पुरवठा रबराच्या मागणीपेक्षा एथिलीनवाल्यांच्या कच्च्या मालावर अधिक अवलंबून असतो.

सर्वाधिक खप टायरसाठी लागणाऱ्या स्टायरीन-ब्यूटाडाइन व पॉलिब्यूटाडाइन रबरांत. ॲक्रिलोनायट्राइलसोबत तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर मिळते. ऑइल सील त्याचेच. एबीएस प्लॅस्टिकमध्ये ब्यूटाडाइन रबराचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. धक्का बसल्यावर पुढे सरकणारी भेग या कणांपाशी अडते, म्हणून हेल्मेटचे कवच सहजी तडकत नाही. नायलॉन ६,६ साठी लागणारे ॲडिपोनायट्राइलही ब्यूटाडाइनपासून करतात.

साठवणीत ब्यूटाडाइनची खोड भारी. टाकीत नको तेव्हा साखळ्या जुळू नयेत म्हणून त्यात टर्शरी ब्यूटाइल कॅटेकोल मिसळतात. तरी प्रवाह थांबलेल्या नळीत, ऑक्सिजनचा अंश शिरल्यास, लाहीसारखे पांढरे बहुवारिक धरते; कारखान्यांत त्याला ‘पॉपकॉर्न’च म्हणतात. ते आतल्या आत वाढत जाऊन पोलादी नळी फोडते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी टेक्ससमधील पोर्ट नेचेस येथे झालेल्या स्फोटांचे मूळ अशाच एका बंद पडलेल्या नळीत सापडले.

ब्यूटाडाइन मानवात कर्करोगकारक ठरले आहे. त्याचा संबंध मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाशी आढळतो. हा धोका प्रामुख्याने ब्यूटाडाइन वायू हाताळणाऱ्या कामगारांना असतो.