भोकांची गोष्ट: पियानोच्या रोलपासून लॉ कॉलेज रोडपर्यंत

आजचा एपिसोड भोकांबद्दल आहे. हसू नका, या भोकांवर खूप काही टांगलेलं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-युरोपात आपोआप वाजणारे पियानो होते. त्यात कागदाचा रोल फिरायचा. जिथे भोक येईल तिथून हवा आत शिरायची आणि ती पट्टी दाबली जायची. 1908 साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात उत्पादकांनी 88 सुरांच्या रोलचं माप ठरवलं, रुंदी 11¼ इंच. आता गंमत बघा. असा रोल बहुतेक वेळा कडेला आधी फाटतो. कागद जरा सरकला की कड चकतीला घासते, दमट हवेत फुगला की आणखी घासते. मग भोकं जागेवर येत नाहीत आणि सूर चुकतात. म्हणजे प्रत्येक वेळी वाजवताना तो थोडा थोडा झिजतोच.

हाच प्रश्न आपल्या पुण्यात आहे, फक्त कागदाऐवजी फिल्मवर. फेब्रुवारी 1964 मध्ये इथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. 35 मिमी फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, एका चौकटीला प्रत्येक बाजूला चार. प्रोजेक्टर ती भोकं पकडून फिल्म सेकंदाला 24 वेळा खाली ओढतो. दोन तासांच्या सिनेमात हे ओढणं होतं 1,72,800 वेळा! त्यात जुनी फिल्म आकसते. साधारण एक टक्का आकसली तरी दात भोकात नीट बसत नाहीत आणि कड फाटते.

संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या सिनेमांचे उरलेले तुकडे जमवले. पण त्यांचा आग्रह होता की सिनेमा दाखवलाही पाहिजे. मग जपायचं की दाखवायचं? उत्तर एकच: मूळ रीळ विसाव्याला, दाखवायला प्रत. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट झटकन पेटतं आणि सहज विझत नाही. अशा वेळी ज्याची प्रत आधी झालेली असते, तेच उरतं.

आता दोन्हीकडे यंत्रं बदलली आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात पियानोचे रोल स्कॅन करून त्यांचं संगीत फाईलमध्ये उतरवतात. फिल्मचे नवे स्कॅनरही भोकांना न ओढता, नुसत्या रोलरवरून रीळ पुढे नेतात.

तुमच्या माळ्यावर आजोबांच्या लग्नाचं 8 मिमीचं रीळ असेल तर चार गोष्टी पाळा. जुन्या प्रोजेक्टरवर लगेच चालवून बघू नका. सैल गुंडाळी टोक ओढून घट्ट करू नका, आतले थर एकमेकांवर घासतात. पियानोच्या रोललाही हाच नियम. व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, ती बाकीच्या रिळांपासून वेगळी ठेवा. आणि माळ्यावरून आधी खाली काढा: पत्र्याखालचा उन्हाळा आणि नंतरची पावसाळी ओल, दोन्ही तिला मारतात. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि स्कॅन करून घ्यायला पुढच्या दिवाळीची वाट बघू नका.