कलाशाळा बंद होती तेव्हा



कोरोनाचा विषय निघाला की आपण रेशनबद्दल बोलतो, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवरून पायी परत आलेल्या माणसांबद्दल बोलतो. आज आम्ही वेगळ्या गोष्टीवर बोलणार आहोत. हाताचं काम शिकवणारी शाळा बंद पडते तेव्हा नेमकं काय बंद पडतं? आपल्या जव्हार-मोखाड्यात अशी शाळा कुठली होती, आणि तिचं काय झालं?

सुरुवात मुंबईपासून करू. बोरीबंदर स्टेशनाजवळ सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. ते १८५७ साली सुरू झालं. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. आपल्यातल्या ज्या कुणी बोरीबंदरला उतरल्या असतील, त्यांनी स्टेशनाच्या दगडावर कोरलेली पानं, फुलं आणि प्राणी पाहिले असतील. त्या कोरीव कामाला या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. मुलींना मात्र तिथे पोचायला वेळ लागला. चित्रकार म. वि. धुरंधर यांच्या कन्या अंबिका धुरंधर १९३१ साली तिथून शिकून बाहेर पडल्या, तेव्हा अशा मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

अशा शाळेत शिकवतात कसं? समोर माणूस बसवतात आणि मुलं त्याला बघून काढतात. मातीचं डोकं घडवताना शिक्षक मागे येऊन उभे राहतात, अंगठ्याने गालाची माती जरा दाबतात, आणि मुलाला एकदम कळतं की आपलं काय चुकत होतं. शेजारच्या मुलीचं काम बघूनही शिकणं होतं. तिच्याकडचा रंग संपला तर आपला द्यायचा, तिची चूक बघून आपली टाळायची. हे सगळं एका छताखाली, अंगाला अंग लागूनच होतं.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, म्हणून इंग्रज सरकारने तो केला होता. त्याच साथीत, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. सव्वाशे वर्षांनी तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला. काही दिवसांतच शाळा-महाविद्यालयं बंद झाली आणि २५ मार्चपासून सगळा देशच बंद झाला.

आमच्या पाड्यावरची एक मुलगी तेव्हा मुंबईत एका कला महाविद्यालयात शिकत होती. वसतिगृह रिकामं करा म्हटल्यावर ती एक पिशवी घेऊन घरी आली. पिशवीत कपडे कमी आणि माती कोरायच्या काड्या जास्त. अर्धवट झालेला मातीचा पुतळा वर्गातच राहिला. ओलं फडकं गुंडाळून ठेवला होता. फडकं ओलं कोण करणार? तो वाळून तडकला असणार, असं ती आम्हाला सांगायची आणि गप्प व्हायची.

मग मोबाइलवर वर्ग सुरू झाले. रेंजसाठी ती टेकडीवर जाऊन बसायची. पावसाळ्यात डोक्यावर इरलं आणि इरल्याखाली मोबाइल. तिने काढलेल्या चित्राचा फोटो पाठवायचा आणि सरांनी तो बघून सांगायचं. पण फोटोत रंग वेगळाच दिसायचा. मातीकामाचं तर विचारूच नका. सर चांगले होते, जीव तोडून शिकवायचे. तरी अंगठा मोबाइलमधून बाहेर येत नाही. समोर बसवायला माणूस नाही म्हणून तिने गोठ्यातली गाय काढली, भाकरी थापणारी आई काढली. तिकडे वर्गात रोजावर बसणाऱ्या माणसांचा रोजही बुडाला. त्यांच्यात बायाही असतात.

मधे काही जिल्ह्यांत थोडे दिवस वर्ग भरले, तेवढ्यात दुसरी लाट आली. २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही लशी घेतलेल्या मुलांसाठी महाविद्यालयं उघडली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद. चार वर्षांच्या शिक्षणातलं दीड वर्षाहून जास्त असं गेलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कलाशाळेची इमारत नाही, पण कलाशाळा आहे. लग्नघराची भिंत ही ती शाळा. वारली लग्नात भिंत शेण-गेरूने सारवतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, बाहेर झाडं, फणी, शिडी, घोड्यावरचे नवरा-नवरी, नाचणारी माणसं. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. नव्या सुना, लहान पोरी आधी पीठ कालवतात. मग कडेची एखादी रेघ त्यांच्या हाती येते. दोन-चार लग्नांनंतर झाड. आणखी काही वर्षांनी देवीजवळ हात न्यायची परवानगी मिळते. इथे परीक्षा नाही, पण वर्ग आहेतच.

ही शाळा बायांची, हे विसरू नका. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि भिंतीवरची चित्रं कागदावर आली. मग गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या ज्या बायांनी चौक लिहिले, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पावसाने भिंत धुतली की त्यांचं कामही गेलं. टिकलं ते फक्त पुढच्या बाईच्या हातात.

म्हणूनच त्या दोन वर्षांचा हिशेब मांडायला हवा. २०२० च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, आधी लग्नंच थांबली, मग पन्नास माणसांत लावायला परवानगी मिळाली. २२ एप्रिल २०२१ पासून नियम आला की लग्नाला पंचवीसच माणसं आणि वेळ दोनच तास. साथ मोठी होती, नियमाची गरज आम्हाला समजत होती. पण दोन तासांत चौक कसा लिहायचा? भिंत सारवून वाळायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. पंचवीस माणसांत दोन्हीकडची घरची माणसं धरली की शिकायला येणाऱ्या पोरींना जागा कुठली? आम्ही पाहिलेल्या काही लग्नांत बोटभर पिठाच्या चार रेघा ओढल्या आणि त्यालाच चौक म्हटलं. एका घरी छापलेलं चित्र चिकटवलं. बोहाड्याचंही तेच. त्या उन्हाळ्यात गावोगाव मुखवटे माळ्यावरच राहिले. कुठलं सोंग कसं नाचवायचं, हे पोरांनी रात्रभर बघूनच शिकायचं असतं. ते बघणंच झालं नाही.

दुसऱ्या लाटेत आमची एक धवलेरी गेली. तिला लिहिता येत नव्हतं, सगळी गाणी तोंडपाठ. तिच्या मागे बसून म्हणणाऱ्या दोघी होत्या, पण त्यांना सुरुवातीची गाणी येतात, शेवटची येत नाहीत. शेवटची गाणी त्या पुढच्या लग्नांत शिकणार होत्या. ती लग्नं त्या दोन वर्षांतली होती.

टेकडीवर बसणारी आमची मुलगी मात्र त्या पावसाळ्यात आजीपाशी बसली. लग्न नव्हतं, म्हणून आजी आधी तयार होईना. चौक देवाचा, तो उगाच लिहायचा नसतो. मग आजीनेच वाट काढली. देवी सोडून बाकी सगळं शिकवीन म्हणाली. पडवीच्या भिंतीवर झाडं झाली, फणी झाली, नाचणारी माणसं झाली. मुलीची रेघ जाड यायची, तेव्हा आजी तिचं मनगट धरून हात फिरवायची. पुढे महाविद्यालय उघडल्यावर मुलगी परत गेली. देवी तिने नंतर, खऱ्या लग्नात लिहिली.

आम्हाला यातून एवढंच दिसलं. मुंबईची शाळा बंद झाली तेव्हा तिची इमारत उभी होती, कागद होते, शिक्षकांचा पगार होता, म्हणून ती पुन्हा उघडली. आपल्या शाळेकडे फक्त माणसं आहेत. एक म्हातारी गेली की एक वर्ग कायमचा बंद.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आणखी एक यादी करा. आपल्या पाड्यात चौक कोण लिहितं, धवलेरी कोण, त्यांचं वय काय आणि त्यांच्या हाताखाली कोण बसतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर येत्या लग्नसराईत त्या बाईशेजारी एक पोरगी बसवा. म्हातारीने होकार दिला तर तिची गाणी मोबाइलवर घेऊन ठेवा. जे गायला, लिहायला ती नको म्हणेल, ते नकोच. आणि यादीत तिचं पूर्ण नाव लिहा. तिच्या आधीच्या बायांचं राहून गेलंय.

जोहार.