‘सेवा’ : पथारीपासून संसदेपर्यंत

१९७१ साली अहमदाबादच्या कापडबाजारात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या महिला मजुरीची तक्रार घेऊन मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेकडे आल्या. महाजनच्या महिला विभागाच्या प्रमुख इला भट्ट यांनी त्यांची कैफियत वृत्तपत्रात मांडली. व्यापाऱ्यांनी आपण चांगली मजुरी देतो, असे सांगत दरच छापून आणले. तेच दर कार्डांवर छापून संघटनेने महिलांच्या हाती दिले आणि त्याच दरांवर बोट ठेवून त्या मजुरी मागू लागल्या.

त्याच वर्षअखेरीस ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या कष्टकरी महिलांची संघटना उभी राहिली. महाजनचे अरविंद बुच अध्यक्ष, तर इलाबेन सरचिटणीस झाल्या. मात्र नोंदणीचे घोडे अडले. ज्यांना मालकच नाही, त्यांची युनियन कोणाविरुद्ध लढणार, असा कामगार खात्याचा सवाल होता. युनियन कोणाविरुद्ध नव्हे, एकजुटीसाठी असते, ही भूमिका सभासदांनी सोडली नाही. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी मिळाली. १९७४ मध्ये चार हजार महिलांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. सही न येणाऱ्या खातेदारांची ओळख पासबुकावरील छायाचित्राने पटू लागली.

१९८१ चे वर्ष कसोटीचे ठरले. राखीव जागांविरोधी आंदोलनात ‘सेवा’ दलितांच्या बाजूने उभी राहिली आणि महाजनचे छत्र गेले. पुढची वाट स्वबळावर चालावी लागली.

१९८६ मध्ये इलाबेन राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून गेल्या. भाजीवाल्या, विडी वळणाऱ्या, घरी गोधड्या शिवणाऱ्या बायांचे प्रश्न जवळून जाणणारा आवाज त्यामुळे संसदेत पोचला. असंघटित क्षेत्रातील महिलांसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ अहवाल सादर केला. राज्यसभेची सदस्यता १९८९ मध्ये संपली, तरी पाठपुरावा थांबला नाही. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ती लढाई बाकी आहे.

पथविक्रेत्यांचा लढा मात्र कायद्यापर्यंत पोचला. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्यांच्या जागेसाठी ‘सेवा’ सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १९९८ मध्ये देशभरातील संघटनांसह पथविक्रेत्यांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. २००४ मध्ये राष्ट्रीय धोरण आले आणि २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेता अधिनियम मंजूर केला. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे हा कायदा सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. अनेक शहरांत अंमलबजावणी रेंगाळली आहे. पण हक्क कागदावर आला आहे आणि तो मिळवून घ्यायला संघटना खंबीर आहे.

२ नोव्हेंबर २०२२ रोजी इलाबेनचे निधन झाले. आज ‘सेवा’च्या सभासद वीस लाखांहून अधिक आहेत आणि आपले प्रतिनिधी त्या स्वतः निवडतात. कष्टकरी बाई आपली बाजू आपणच मांडू शकते, हे ‘सेवा’ने बाजारापासून संसदेपर्यंत सिद्ध केले आहे.