बंद राहिलेली दारे : घरातील रिमोट आणि लहरींवरचा हक्क

१. सन २००४. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एग्लिन हा हवाई दलाचा मोठा तळ आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांमधून एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली. मोटार घराशी आणून रिमोटचे बटण दाबले, तरी गॅरेजचे दार जागचे हलत नसे. बॅटरी ठीक, मोटर ठीक, दारही ठीक. तळावर चाचणी चाललेल्या नव्या लष्करी रेडिओ यंत्रणेने ही दारे मुकी केली होती.

२. या प्रसंगाची मुळे शतकभर मागे जातात. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने एक छोटी नौका तारेविना चालवून दाखवली. दूरवरच्या यंत्राला हात न लावता आज्ञा देता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मात्र लहरींना घराची भिंत कळत नाही आणि मालकही कळत नाही. पुढचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

३. हे तंत्र दिवाणखान्यात आले १९३८ मध्ये. फिल्को कंपनीने ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची लाकडी पेटी बाजारात आणली. तिच्यावर टेलिफोनसारखी तबकडी होती. ती फिरवली की खोलीच्या दुसऱ्या टोकाचा रेडिओ स्टेशन बदली, आवाज कमीजास्त करी. शेजाऱ्याच्या पेटीने आपला रेडिओ बदलू नये, म्हणून वेगवेगळ्या वारंवारतांची सोय ठेवावी लागली.

४. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने अशा अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याविना मुभा दिली. त्या नियमांतून पुढे ‘भाग १५’ आकारास आला. त्याचा गाभा दोन अटींचा : असे उपकरण परवानाधारकाला त्रास देणार नाही, आणि दुसऱ्याकडून होणारा त्रास त्याने मुकाट्याने सोसावा. घरगुती रिमोट हा लहरींच्या घरातील बिनभाड्याचा पाहुणा ठरला.

५. दूरचित्रवाणी आली तेव्हा हा धोका अभियंत्यांना ठाऊक होता. झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली याने १९५५ साली प्रकाशावर चालणारा ‘फ्लॅशमॅटिक’ बनवला. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर प्रकाशझोत टाकायचा. पण खिडकीतून ऊन आले की संच आपोआप वाहिन्या बदलू लागे.

६. रेडिओ लहरी वापरण्याचा विचारही झेनिथमध्ये झाला आणि सोडून दिला गेला. अपार्टमेंटमध्ये एकाने बटण दाबले, तर भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातील वाहिनी बदलली असती. रॉबर्ट ॲडलर याने १९५६ मध्ये ध्वनीचा मार्ग निवडला. रिमोटमधील ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर छोटी हातोडी आदळे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद उमटे. हा नाद भिंतीने अडे. १९८० च्या दशकात अवरक्त किरणांनी त्याची जागा घेतली. तेही खोलीबाहेर जात नाहीत.

७. गॅरेजच्या दाराला मात्र रेडिओशिवाय गत्यंतर नव्हते, कारण आज्ञा रस्त्यावरच्या बंद मोटारीतून द्यायची होती. प्रारंभीचे संच इतके एकसारखे होते की एकाच्या बटणाने दुसऱ्याचे दार उघडे. मग छोट्या खटक्यांनी ठरवायचे सांकेतिक क्रमांक आले आणि १९९० च्या दशकात प्रत्येक वेळी बदलणारा संकेत. आज्ञा कोणाची, हा प्रश्न त्यामुळे सुटला. आज्ञा ऐकूच आली नाही तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

८. यातील पुष्कळ संच ३९० मेगाहर्ट्‌झवर चालत. तो पट्टा दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकी लष्कराच्या वापरात होता. पण तेथे फारशी वर्दळ नसल्याने दारांचे निभावून गेले. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर चित्र पालटले. देशांतर्गत संरक्षणासाठी लष्कराने ३८० ते ३९९.९ मेगाहर्ट्‌झमध्ये नवे रेडिओ उभारण्यास आरंभ केला.

९. दारे मग आपोआप उघडू लागली का? नाही. गॅरेजमधील ग्राहक यंत्र स्वस्त आणि साधे. जवळच्या वारंवारता वेगळ्या काढण्याची त्याची ताकद बेताची. लष्करी प्रक्षेपकाच्या गोंगाटात रिमोटची कुजबुज बुडून जाई. दाराच्या अगदी जवळ गेल्यास ती पुन्हा ऐकू येई, आणि भिंतीवरचे तारेचे बटण तर नेहमीप्रमाणेच चाले.

१०. फेब्रुवारी २००५ मध्ये कमिशनने ग्राहकांसाठी सूचना काढली. लष्कराचा वापर अधिकृत होता. रिमोट विनापरवाना होता, म्हणून त्याला संरक्षण नव्हते. जवळ जाऊन बटण दाबा किंवा दुसऱ्या वारंवारतेचा संच बसवा, हाच उपाय उरला. आणि खर्च घरमालकाचा.

११. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडाच्या ओटावा शहरातही दारे अडली. तेथेही ३९० मेगाहर्ट्‌झवर जोरदार संदेश आढळला. संशय अमेरिकी दूतावासाकडे वळला. दूतावासाने संबंध नाकारला. पत्रकारांनी चौकशी सुरू केली, त्याच सुमारास तो संदेश थांबला.

१२. हा नियम भारतातही आहे. २००५ साली येथे २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना खुला झाला. आपले वायफाय आणि ब्लूटूथ त्यावर चालतात. अट तीच : व्यत्यय आणू नये, संरक्षण मागू नये. ॲडलरने भिंत ओलांडू न शकणारा नाद मुद्दाम निवडला होता. आजचे घर मात्र दिव्यांपासून कुलपांपर्यंत अशा लहरींच्या स्वाधीन होत आहे, जेथे त्याला वावरण्याची मुभा आहे, हक्क नाही.