केशपेशींची जन्मवेळ

१८५१ साली एका जर्मन शास्त्रीय नियतकालिकात एका इटालियन माणसाने फ्रेंचमध्ये लिहिलेला निबंध छापून आला. विषय होता सस्तन प्राण्यांचं श्रवणेंद्रिय. लेखक अल्फोन्सो कॉर्ती, वय एकोणतिशीच्या आतबाहेर. पाव्हियाजवळच्या गांबाराना गावचं सरदार घराणं, वैद्यकाचं शिक्षण पाव्हिया आणि व्हिएन्नात. १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्ना सुटलं आणि फिरत फिरत तो व्युर्ट्सबुर्गला आल्बर्ट क्योलिकर यांच्याकडे पोचला. सूक्ष्मदर्शकावर काम करायचं तर युरोपात त्या काळी याहून चांगली जागा क्वचितच असेल.

कॉर्तीने हात घातला तो भलत्याच अडचणीच्या अवयवाला. कॉक्लिया ही माणसात सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी. ती दडलेली असते कानामागच्या, शरीरातल्या सगळ्यात कठीण हाडात. हाड फोडताना आतला नाजूक पडदा फाटतो, आणि मृत्यूनंतर या ऊती भराभर बिघडतात. जे हाती लागतं तेही काचेसारखं पारदर्शक. कॉर्तीने त्यावर कार्माइन चढवलं, म्हणजे कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग. ऊती रंगवून बघण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, त्यामुळे हा रंग वापरणं हीच मोठी गोष्ट होती. त्या लालीत खांबांसारख्या पेशींच्या रांगा उठून दिसल्या आणि त्यांच्या शेजारी, टोकाला बारीक केस असलेल्या पेशी, म्हणजे केशपेशीही. पुढे क्योलिकरनी या सगळ्या रचनेला कॉर्तीचं नाव दिलं.

कॉर्ती मात्र थांबला. निबंध छापला त्याच वर्षी वडील गेले आणि सरदारकीचा किताब त्याच्याकडे आला. १८५४ मध्ये हत्तीच्या ऊतींवरचा एक निबंध, आणि त्यानंतर शास्त्राला कायमचा रामराम. सांधेदुखीने पुढे शरीर आखडत गेलं. १८७६ मध्ये तो वारला.

योगायोग असा की १८५१ मध्येच डोरपाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूला, एर्न्स्ट राइसनर याने लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला: आतला कान कसा घडतो. कॉर्तीचा प्रश्न ‘काय आहे?’ असा होता, तर राइसनरचा ‘कसं होतं?’ असा. कॉक्लियातल्या एका पातळ पडद्याला आज राइसनरचं नाव आहे. त्याचा प्रश्न मात्र बराच काळ मागे पडला.

कारण त्या शतकाला मोजण्यात आणि चितारण्यात जास्त रस होता. स्टॉकहोमच्या गुस्ताफ रेट्सियसने १८८१ आणि १८८४ मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांच्या कानांवर दोन अवाढव्य खंड काढले. पहिल्यात मासे आणि उभयचर, दुसऱ्यात सरपटणारे प्राणी, पक्षी, सस्तन. माणसाच्या एका कॉक्लियात आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या ओळींत सुमारे १२,००० केशपेशी असतात, हा हिशेब त्याच्या काळापासूनचा. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे कान किती तुटपुंज्या भांडवलावर चालतो ते कळतं.

हे भांडवल जमा कधी होतं? याचं नेमकं उत्तर यायला १९६७ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट रूबेन यांनी गाभण उंदरांना ट्रिटियमयुक्त थायमिडिनची इंजेक्शनं दिली. थायमिडिन हा डीएनएचा एक घटक; पेशी विभागायला निघाली की ती तो उचलते, आणि सोबत किरणोत्सारी खूणही. त्यानंतर ती आणखी विभागत राहिली तर खूण वाटली जाऊन फिकी पडते. तीच शेवटची विभागणी असेल तर खूण ठळक राहते. कोणाला गर्भाच्या बाराव्या दिवशी, कोणाला चौदाव्या दिवशी असं इंजेक्शन द्यायचं, पिल्लं जन्मून वाढली की त्यांच्या कानाचे काप काढायचे, त्यांवर फोटोचं द्रावण चढवायचं आणि अंधारात ठेवायचं. किरणोत्सार जिथे असेल तिथे काळे ठिपके उमटतात. ठिपके दाट, म्हणजे त्या पेशीची जन्मवेळ सापडली. अनुवंशशास्त्राचा पुढचा सगळा झगमगाट मान्य करूनही, या क्षेत्रातला सगळ्यात देखणा प्रयोग म्हणून याच्याकडेच बोट दाखवावंसं वाटतं.

निष्कर्ष दोन. एक, कॉक्लियातल्या केशपेशींचा जन्म उंदराच्या गर्भावस्थेतल्या मोजक्या दिवसांत उरकतो. त्यानंतर नव्या पेशींची भर नाही. उंदराचं पिल्लू ऐकू लागतं ते जन्मानंतर बारा दिवसांच्या आसपास, म्हणजे दुकान उघडण्याच्या कितीतरी आधी मालाची आवक बंद झालेली असते. दुसरा निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. विभागणं आधी थांबतं ते कॉक्लियाच्या शेंड्याकडे, जिथे खर्ज ऐकू येतो. तार स्वर टिपणाऱ्या बुंध्याकडच्या पेशी सर्वांत शेवटी थांबतात. केस फुटून पेशी पक्व होण्याचा क्रम मात्र उलटा: बुंध्याकडून शेंड्याकडे. शेंड्याकडची पेशी आधी जन्मते आणि दिवसेंदिवस नुसती थांबून राहते.

थायमिडिनच्या त्याच युक्तीने १९८८ मध्ये दुसरा धक्का दिला. ‘सायन्स’ साप्ताहिकाने दोन शोधनिबंध छापले, एक ब्रेंडा रायल्स आणि एडविन रूबेल यांचा लाव्यांवर, दुसरा जेफ्री कॉर्विन आणि डग्लस कोटान्श यांचा कोंबडीच्या पिल्लांवर. कर्कश आवाजाने केशपेशी मारल्या, थायमिडिन दिलं, आणि काही दिवसांनी जागेवर आलेल्या नव्या पेशींत खूण सापडली. पक्ष्यांचा कान झीज भरून काढतो. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनची इंजेक्शनं घेऊन तोल किंवा ऐकू येणं गमावलेली माणसं आपल्याकडेही पुष्कळ होती. या औषधांचे बळीही केशपेशीच. कोंबडीला जमतं ते माणसाला का नाही, हा प्रश्न त्यामुळे एकदम तातडीचा झाला.

१९९९ हे वर्ष मग सुगीचं ठरलं. ह्यूस्टनला हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत ‘मॅथ१’ जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या कानात केशपेशी तयारच झाल्या नाहीत. या जनुकाचा भाऊबंद ‘एटोनल’ आधी फळमाशीत सापडला होता; माशीला ताण आणि कंप जाणवण्याची इंद्रियं घडवायला तोच लागतो. त्याच वर्षी नॉच संदेशमार्गाचं काम समोर आलं. केशपेशी होऊ घातलेली पेशी शेजारणीला तीच वाट धरू देत नाही, म्हणून शेजारीण आधारपेशी, म्हणजे केशपेशींना टेकू देणारी पेशी, होते. ही मनाई सैल पडली की केशपेशींची गर्दी होते. आणि ‘पी२७’ हे विभागणीला लगाम घालणारं प्रथिन काढून घेतलेले उंदीर? त्यांच्या कानात पेशी विभागत राहिल्या, भरपूर झाल्या, पण उंदरांना ऐकू येईना.

शेंड्याच्या थांबून राहण्याचा उलगडा आणखी उशिरा झाला. २०१३ मध्ये जिनवूंग बोक, डोरिस वू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेजारच्या चेतापेशींतून येणारा ‘सॉनिक हेजहॉग’ हा संदेश पेशींना रोखून धरतो. (हो, व्हिडिओ गेममधल्या पात्रावरूनच हे नाव पडलं.) तो संदेश काढून घेतला की शेंड्याकडच्या पेशी वेळेआधी पक्व होतात, क्रम उलटतो आणि कॉक्लिया आखूड राहते. म्हणजे ती वाट पाहणं वाया जात नाही. नळी लांब व्हायला तेवढा अवधी लागतो.

उपचारांच्या आघाडीवर गाडी अडखळतच चालली आहे. माणसाच्या कानात मॅथ१ जनुक सोडण्याची पहिली चाचणी २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आधारपेशींना पुन्हा कामाला लावू पाहणारं ‘एफएक्स-३२२’ हे औषध २०२३ मध्ये चाचणीत अपयशी ठरलं. प्रौढ उंदरात मॅथ१ एकटं फारसं काही करू शकत नाही, म्हणून संशोधक आता त्याला ‘जीएफआय१’ आणि ‘पीओयू४एफ३’ या आणखी दोन जनुकांची जोड देऊन पाहत आहेत.