आफ्रिकी मांगूर : भरवसा नसलेल्या पाण्यातला मासा

विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८२२ मध्ये आफ्रिकी मांगूर म्हणजेच क्लॅरिअस गॅरिपिनस या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. दक्षिणेच्या ऑरेंज नदीपासून उत्तरेच्या नाईलपर्यंत त्याचा वावर आहे. या टापूत पाणी पुराबरोबर पसरते आणि उन्हाळ्यात डबक्यांपुरते उरते. त्याची शरीररचना आणि सवयी या चढउताराशीच जुळलेल्या आहेत, असे मला वाटते.

डोके चपटे, हाडांच्या कवचाने मढलेले. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. कल्ल्यांच्या वर दोन पोकळ्या असून त्यांत झाडासारख्या फांद्या फुटलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव असतो. पाण्यातला प्राणवायू संपत आला की मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि या अवयवाने श्वसन करतो. त्वचा ओली राहिली तर पाण्याबाहेर तो तासन्‌तास तगतो. पावसाळी रात्री छातीजवळच्या परांचे काटे रोवत, अंग वळवत दुसऱ्या पाण्याकडे सरकतो.

शिकारीची सर्वांत विलक्षण पद्धत बोट्स्वानातल्या ओकाव्हांगो त्रिभुज प्रदेशात दिसते. पूर ओसरला की साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरदरम्यान पूरमैदानातले लहान मासे मुख्य प्रवाहात उतरतात. तेव्हा हे मांगूर शेकड्यांनी जमून पपायरसच्या कडेने पुढे सरकतात, शेपट्या आपटून लपलेले मासे बाहेर काढतात. वर बगळे टपलेलेच असतात. मांगुरांचे मुख्य भक्ष्य असलेले मॉर्मिरिड मासे क्षीण विद्युत्‌स्पंदांनी वाट शोधतात. मांगुराच्या कातडीतली ग्राहके मंद विद्युत्‌बदल टिपतात. बहुतेक स्पंद इतके आखूड असतात, की ती ग्राहके त्यांना दाद देत नाहीत. मात्र यातल्या एका जातीच्या मोठ्या नरांचे स्पंद लांबतात आणि ते मांगुराला कळतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मादीला आपली ओळख पटवणारी खूणच त्या नराच्या जिवावर उठते.

वीण पावसाशी बांधलेली. नव्याने बुडालेल्या गवतात रात्री नर मादीच्या डोक्याभोवती वळसा घालतो. चिकट अंडी गवताला डकतात. उबदार पाण्यात ती दीड दिवसाच्या आत फुटतात. पिल्लांची राखण कोणीच करत नाही.

हेच गुण मत्स्यशेतीला भावले. दाटीत, गढूळ पाण्यात, मिळेल ते खाऊन तो झपाट्याने वाढतो. भारतात मात्र त्याच्या संवर्धनावर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, आणि ती योग्यच होती. महाराष्ट्रात तरीही उजनीच्या परिसरात त्याची तळी सापडली आहेत. देशी माशांची पिल्ले, बेडूक, किडे काहीही त्याला चालते. शिवाय तळे उपसले म्हणून तो संपला असे धरता येत नाही: ओल्या चिखलात राहिलेला मासा पुढच्या पावसात शेजारचा ओढा गाठू शकतो.