त्वचेतील रक्तप्रवाहाचे उष्णताचित्रण

त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण औष्णिक कॅमेऱ्याने टिपून, त्यांवरून त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांतील रक्तप्रवाहाचा अंदाज बांधण्याची पद्धत. अंदाज हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. कॅमेऱ्याला रक्त दिसत नाही. दिसते ते कातडीच्या अगदी वरच्या पापुद्र्याचे तापमान. ३३° से.च्या आसपासची त्वचा सर्वाधिक किरण साधारण ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीला सोडते, म्हणून ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातले कॅमेरे यासाठी वापरतात. चांगल्या कॅमेऱ्याला ०.०५° से. इतका फरकही कळतो. त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८ असून वर्ण गोरा असो वा सावळा, तीत फारसा फरक पडत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गडद त्वचेवर चुकू शकते. ती अडचण येथे नाही, आणि आपल्याकडच्या रुग्णांसाठी ही मोठीच जमेची बाजू आहे.

पुणेकरांची या तंत्राशी ओळख झाली ती तापाच्या निमित्ताने. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोविड रुग्णही येथेच आढळले. त्यानंतर याच तत्त्वावर चालणारी ‘थर्मल गन’ सोसायट्यांच्या फाटकांपासून दुकानांच्या दारांपर्यंत प्रत्येकाच्या कपाळासमोर धरली गेली. ताप शोधायला ती भरवशाची नव्हती, आणि का नव्हती हे समजून घेण्याजोगे आहे. ताप चढू लागतो तेव्हा थंडी वाजते, त्वचेतल्या वाहिन्या आकसतात आणि कपाळ उलट गार लागते. उन्हातून दुचाकीवर आलेला धडधाकट माणूस मात्र ‘गरम’ निघतो. म्हणजे कपाळाचा आकडा शरीराच्या गाभ्यापेक्षा त्वचेतल्या रक्ताबद्दल आणि भोवतालच्या हवेबद्दल जास्त बोलतो. निवांत अवस्थेत संपूर्ण त्वचेतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते; तीव्र उष्म्यात तेच सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. इतकी मोठी चढउतार तापमानावर उमटल्यावाचून राहत नाही.

तरीही एका चित्रावरून रक्तप्रवाह वाचता येत नाही; तो वाचायचा तर काळाबरोबर होणारा बदल पाहावा लागतो. वाहिनीत रक्त वाढले की तिची ऊब ऊतींतून झिरपत पृष्ठभागावर येते, आणि वाटेत ती क्षीण होते, शिवाय उशिराही पोचते. ऊतींची उष्णताविसरणशीलता सेकंदाला सुमारे ०.१ चौ. मिमी. धरून साधे गणित केले, तर नाडीच्या ठोक्यासारखी सेकंदा-सेकंदाची लाट एक मिलिमीटर अंतर कापेपर्यंत अर्ध्या टक्क्याहून कमी उरते. उलट, वाहिन्या संथपणे आकसण्या-फुलण्यातून येणारी तीस सेकंदांची लाट एक तृतीयांशाहून जास्त टिकते आणि सुमारे पाच सेकंद मागाहून दिसते. रशियातल्या सारातोव्ह विद्यापीठातील संशोधकांनी हाच धागा पकडला : प्रत्येक लाट किती विझली आणि किती रेंगाळली याचे गणित उलटे फिरवून तापमानाच्या मालिकेतून रक्तप्रवाहाची आंदोलने काढायची. त्यामुळे दर मिनिटाला किती मिलिलिटर हे कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण लेसर डॉप्लर यंत्रही सापेक्ष एककांतच बोलते, आणि त्याची साधी शलाका एका वेळी एकाच बिंदूवर बसते. कॅमेरा सबंध तळवा एकदम पाहतो, तोही स्पर्श न करता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मधुमेही पायाच्या देखरेखीत दोन्ही तळव्यांच्या समान जागांत २.२° से.हून जास्त फरक दिसला तर तो व्रणाचा पूर्वइशारा मानतात. तेथे काळाची मालिका कुठे लागते? लागत नाही, कारण तेथे दुसरा पाय हाच मापदंड असतो. म्हणूनच दोन्ही पाय सारखेच सुजले असतील, तर ही पद्धत फसते. शिवाय दाहाने वाढलेली उष्णता अडलेल्या रोहिणीमुळे आलेला गारवा झाकू शकते, त्यामुळे घोट्याची नाडी तपासण्याला कॅमेरा पर्याय नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधनामुळे मधुमेहाच्या अभ्यासात पुण्याचे नाव जगभर आहे. अशा शहरात ही मर्यादा ठाऊक असणे महत्त्वाचे.

हवामानाचा विचारही टाळता येत नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्याचा पारा ३८-४० अंशांच्या घरात असतो. हवा त्वचेइतकी तापली की रक्ताने आणलेल्या उबेचा वेगळेपणा पुसट होतो आणि घाम वरून आणखी गोंधळ करतो. डिसेंबरच्या पहाटे याउलट निरोगी बोटेही बर्फासारखी दिसतात. म्हणून २२ ते २४ अंशांच्या खोलीत, पंखा बंद ठेवून, पंधरा मिनिटे पाय उघडे ठेवल्यावरच चित्र घ्यावे. पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामी असताना एखाद्या मधुमेही वारकऱ्याचे तळवे तपासायचे झाले, तर आल्या आल्या घेतलेल्या चित्रात दोन्ही पाय लालभडक दिसतील, कारण ती ऊब रस्त्याची आणि चालीची असते. पंधरा मिनिटांत ती ओसरते. अंगठ्याच्या बुडाशी दाह असेल तर तेवढा ठिपका तसाच राहतो.